शक्ती, क्षमता आणि प्रतिसाद : गुरांच्या यकृतकृमिरोगाच्या निमित्ताने एका परिभाषेची समीक्षा

१

शास्त्रीय परिभाषेची परीक्षा सामान्यतः दोन कसोट्यांवर केली जाते. शब्द सुबोध आहे काय, ही पहिली कसोटी. आणि परभाषेतील मूळ संज्ञेशी तो एकास एक जुळतो काय, ही दुसरी. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यानंतर मराठीत परिभाषेविषयी जो ऊहापोह झाला, तो बहुतांशी ह्या दोन प्रश्नांभोवतीच झाला. तिसरी एक कसोटी त्या मानाने उपेक्षित राहिली आहे. प्रत्येक संज्ञा ही एक संक्षिप्त उपपत्ती असते. ती उच्चारणाऱ्याच्या मनात वस्तूच्या स्वरूपाविषयी काही गृहीते नकळत रुजवते. ही गृहीते वस्तुस्थितीशी जुळतात काय, हे तपासल्याखेरीज परिभाषेची समीक्षा पुरी झाली असे म्हणता येणार नाही.

‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द पहिल्या दोन कसोट्यांना सहज उतरतो. तो शाळेच्या क्रमिक पुस्तकापासून औषधाच्या जाहिरातीपर्यंत सर्वत्र रुळला आहे आणि त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तिसऱ्या कसोटीवर तो कितपत टिकतो, हे पाहावयाचे तर उदाहरण अवघड घ्यावयास हवे; सोप्या उदाहरणात कोणतीही संज्ञा खपून जाते. गुरांचा दीर्घकालीन यकृतकृमिरोग हे असे अवघड उदाहरण होय. ह्या रोगात जनावर बहुधा तडकाफडकी मरत नाही, कृमीही लवकर मरत नाहीत, आणि तरीसुद्धा जनावराचे शरीर त्या सर्व काळात स्वस्थ बसलेले नसते. अशा स्थितीचे वर्णन करताना प्रचलित मराठी शब्द कोठे उपयोगी पडतात आणि कोठे दिशाभूल करतात, ह्याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. जनावराला काय झाले आहे हे ज्या शब्दांत सांगितले जाते, त्याच शब्दांत त्यावरचा उपायही शोधला जातो, आणि त्या उपायावर अनेक कुटुंबांचे दूधदुभते अवलंबून असते.

२

इंग्रजीतील ‘इम्युनिटी’ ही संज्ञा लॅटिन ‘इम्युनिस’ ह्या विशेषणावरून आली. ‘म्युनुस’ म्हणजे नागरिकावर असलेला सार्वजनिक भार, कर्तव्य अथवा कर. त्यातून ज्याला सूट मिळाली तो ‘इम्युनिस’. म्हणजे ही संज्ञा मुळात वैद्यकातील नसून महसुलाच्या दप्तरातील आहे. ‘जकातमाफी’, ‘सारामाफी’ ह्या शब्दांतील ‘माफी’ हा तिचा मराठीतील सर्वांत जवळचा आप्त म्हणावा लागेल. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा देवी येत नाहीत, ह्या अनुभवाला हे रूपक चपखल बसले. सूट एकतर असते किंवा नसते. तिच्यात झुंजीची कल्पना अभिप्रेत नाही.

झुंजीची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. १८८२ मध्ये मेचनिकॉव्ह ह्यांनी परकीय पदार्थांना गिळून टाकणाऱ्या पेशींचे निरीक्षण केले. १८९० मध्ये बेहरिंग व कितासातो ह्यांनी धनुर्वात आणि घटसर्प ह्या रोगांच्या विषांना निष्प्रभ करणारे द्रव्य रक्तात निर्माण होते असे दाखविले. तेव्हापासून शरीर हा किल्ला, जंतू हा शत्रू आणि पेशी हे शिपाई, अशी मांडणी रूढ झाली. ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द ह्या दुसऱ्या टप्प्याचे अपत्य आहे. संस्कृतात ‘प्रतिकार’ ह्याचे परतफेड, उपाय, इलाज असे अर्थ होते. मराठीत, विशेषतः स्वातंत्र्यलढ्यातील ‘निःशस्त्र प्रतिकार’ ह्यासारख्या प्रयोगांमुळे, ‘विरोधात उभे ठाकणे’ हा अर्थ प्रबळ झाला. त्याला ‘शक्ती’ हे उत्तरपद जोडल्याने विरोध करण्याच्या बळाचा शरीरात जणू एक साठा असतो, असा बोध होतो.

तिसरी संज्ञा आपल्याच परंपरेतील आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘व्याधिक्षमत्व’ हा शब्द येतो. अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्त त्याची दोन अंगे सांगतो : उद्भवलेल्या व्याधीचा जोर मोडणे हे एक, आणि व्याधीला उद्भवूच न देणे हे दुसरे. भाषिक दृष्ट्या लक्षणीय गोष्ट अशी की, ‘क्षम्’ ह्या धातूत सोसणे आणि समर्थ असणे असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत एकीकडे ‘क्षमा’ आणि दुसरीकडे ‘सक्षम’ असे दोन शब्द त्यातून उरले आहेत.

अशा रीतीने एकाच वस्तूसाठी तीन संज्ञा आणि तीन उपपत्ती हाती येतात : सूट, विरोधाचे बळ आणि सोसण्यासह असलेले सामर्थ्य. ह्यांपैकी कोणती उपपत्ती यकृतकृमीने ग्रासलेल्या गाईला लागू पडते, हे पाहण्यापूर्वी त्या गाईच्या शरीरात काय घडते ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे.

३

यकृतकृमी हा पानासारखा चपटा कृमी असून त्याच्या दोन जाती गुरांच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. समशीतोष्ण प्रदेशांत फॅसिओला हेपॅटिका आढळते. उष्ण प्रदेशांत, आणि म्हणून महाराष्ट्रातील गाईम्हशींतही, मुख्यत्वे फॅसिओला जायगँटिका आढळते. ‘फॅसिओला’ ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ लहानशी पट्टी किंवा फीत असा आहे. ह्या कृमीचे जीवनचक्र १८८१ ते १८८३ ह्या काळात इंग्लंडमध्ये थॉमस आणि जर्मनीत लॉइकार्ट ह्यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे उलगडले. जनावराच्या शेणातून अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेला डिंभ विशिष्ट जातीच्या गोड्या पाण्यातील गोगलगाईच्या शरीरात शिरतो. तेथे एकाचे शेकडो होतात. ते बाहेर पडून पाणवनस्पतींवर व काठच्या गवतावर कवच धारण करून चिकटून राहतात. आणि ते गवत खाणाऱ्या जनावराच्या पोटात जातात. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली त्याला ह्या प्रकाराची कल्पना नव्हती. परंतु बाहेरून गरीब दिसणाऱ्या प्राण्याच्या पोटात काय दडलेले असते, ह्याचे इतके समर्पक उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

गाईच्या लहान आतड्यात कवचातून सुटलेला कोवळा कृमी आतड्याची भिंत भेदून उदरपोकळीत येतो आणि साधारण आठवड्याच्या आत यकृतात शिरतो. पुढील सहा-सात आठवडे तो यकृताचे ऊतक खात, पोखरत हिंडतो. नंतर तो पित्तनलिकांत स्थिरावतो आणि तेथे रक्तावर जगत अंडी घालू लागतो. हेपॅटिका जातीत अंडी दिसू लागण्यास संसर्गापासून दहा ते बारा आठवडे लागतात. जायगँटिका जातीत ह्याहूनही काही आठवडे अधिक.

ह्या वर्णनातील एक बाब पुढील विवेचनाचा पाया आहे. जिवाणू शरीरात शिरल्यावर वाढतात. यकृतकृमी गाईच्या शरीरात संख्येने वाढत नाही. गवतावरील एका कवचबद्ध डिंभापासून जास्तीत जास्त एकच कृमी तयार होतो. त्याचे गुणन होते ते गोगलगाईत. तेव्हा गाईच्या यकृतात किती कृमी असतील, ह्याचा निर्णय बऱ्याच अंशी गाईच्या अंगात होत नसून तळ्याच्या काठी होतो.

४

आता ‘शक्ती’ ह्या पदाची परीक्षा करावयाची. मराठीच्या वाक्यरचनेत ‘शक्ती’ हे नाम कोणत्या शब्दांच्या संगतीत येते ते पाहिले, तर त्याची उपपत्ती स्पष्ट होते. शक्ती असते, नसते, वाढते, घटते, खर्च होते, भरून येते. तिची विशेषणे ‘कमी’ आणि ‘जास्त’ ही होत. म्हणजे ह्या नामाने विचारता येण्याजोगा प्रश्न फक्त ‘किती?’ हा आहे. ज्या जनावराला रोग झाला त्याची शक्ती कमी पडली, हा निष्कर्ष त्या व्याकरणातच सामावलेला आहे. त्यासाठी निराळे निरीक्षण करावे लागत नाही.

यकृतकृमीने दीर्घकाळ ग्रासलेल्या गुरांत प्रत्यक्षात आढळते ते ह्याच्या उलट. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत रक्तात कृमीविरुद्ध प्रतिपिंड दिसू लागतात आणि पुढे त्यांचे प्रमाण बरेच वाढते. इओसिनोफिल नावाच्या श्वेतपेशींची संख्या वाढते. परिमाणाच्या भाषेत बोलावयाचे तर ह्या गाईजवळ उणे असे काही नाही. आणि तरीही कृमी पित्तनलिकांत महिनोन्महिने नांदत असतात.

ह्या विसंगतीचा उलगडा ‘किती?’ ह्या प्रश्नाने होत नाही, ‘कोणत्या प्रकारचे?’ हा प्रश्न विचारावा लागतो. अशा गुरांच्या रक्तातील प्रतिपिंडांत आय-जी-जी-१ ह्या प्रकाराचे वर्चस्व असते. आय-जी-जी-२ हा प्रकार अल्प राहतो. पेशींनी परस्परांना दिलेल्या रासायनिक संदेशांतही असाच कल दिसतो : आरंभी संमिश्र असलेला प्रतिसाद रोग जुना होत जातो तसतसा एका बाजूला झुकतो, इंटरफेरॉन-गॅमा मंदावते आणि इंटरल्यूकिन-४, तसेच शमनाचे कार्य करणारी इंटरल्यूकिन-१० व तत्सम द्रव्ये वरचढ होतात. १९९६ साली डाल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरांवर केलेले लसीचे प्रयोग प्रसिद्ध झाले. कृमीच्याच एका पाचक प्रथिनाची (कॅथेप्सिन एल-१) लस दिलेल्या गुरांत कृमींची संख्या ५३.७ टक्क्यांनी कमी भरली; दुसरे कॅथेप्सिन आणि कृमीचे हीमोग्लोबिन ह्यांच्या संयुक्त लसीने ती ७२.४ टक्क्यांनी घटली. ह्याच संशोधकवर्गाच्या १९९८ मधील पुढील अभ्यासात संरक्षणाचा संबंध आय-जी-जी-२ ह्या प्रकाराशी असल्याचे दिसले. म्हणजे उपयोगी पडला तो प्रतिपिंडांचा साठा नव्हे, त्यांचा प्रकार. ही लस अद्याप बाजारात आलेली नाही. परंतु तिने परिभाषेपुढे उभा केलेला प्रश्न जुना झालेला नाही.

‘शक्ती’ ही सर्वसाधारण, कोणत्याही रोगापुढे उपयोगी पडणारी गोष्ट आहे, हे गृहीतही टिकत नाही. इंडोनेशियातील बारीक शेपटीच्या मेंढ्यांविषयी रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये असे दाखविले की, ह्या मेंढ्या फॅसिओला जायगँटिकाला चांगल्या प्रकारे दाद देत नाहीत. परंतु तिच्या सख्ख्या बहिणीसारख्या असलेल्या फॅसिओला हेपॅटिकापुढे त्या इतर मेंढ्यांइतक्याच असहाय ठरतात. त्याच मेंढीची ‘शक्ती’ एका कृमीपुढे जास्त आणि दुसऱ्यापुढे कमी म्हणावयाची काय? येथे शक्ती हे नाम अर्थशून्य होते. उरतो तो दोन विशिष्ट जीवांमधील विशिष्ट संबंध.

५

‘प्रतिकार’ ह्या पदाची अडचण निराळी आहे. ह्या पदाने कृमीला केवळ आक्रमक आणि गाईला केवळ रक्षक ठरविले जाते. दोघांच्या भूमिका आरंभापासून अखेरपर्यंत ठरलेल्या असतात. वस्तुतः यकृतकृमीचे बरेचसे कार्य गाईच्या प्रतिसादाला वळण देण्याचे आहे. कोवळ्या कृमीच्या अंगावर साखरयुक्त द्रव्याचे आवरण असते. प्रतिपिंड त्याला चिकटले की सापाने कात टाकावी तसे ते झडते आणि खालून नवे येते. कार्मोना व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रयोगनलिकेत असे दाखविले की, कृमीने स्रवलेल्या कॅथेप्सिनामुळे प्रतिपिंडांच्या साहाय्याने कृमीला चिकटणाऱ्या इओसिनोफिल पेशी त्याला चिकटू शकत नाहीत. उंदरांवरील प्रयोगांत कृमीच्या अन्य एका प्रथिनाने महाभक्षी पेशींना मारक कार्याकडून ऊतक सांधण्याच्या कार्याकडे वळविल्याचे आढळले आहे. युद्धाच्या रूपकात ह्याला ‘फितुरी’ म्हणण्याचा मोह होईल. परंतु त्या शब्दाने पेशींवर नसलेला दोष येतो. ऊतक पोखरले गेल्यावर ते सांधणे हे पेशींचे विहित कार्यच आहे. कृमी त्यांना नवे काही शिकवीत नाही. त्यांच्या अंगच्या दोन प्रवृत्तींपैकी स्वतःला सोयीची असलेली प्रवृत्ती तो जागवतो.

ह्या संदर्भात यकृतातील वणाचे उदाहरण बोधप्रद आहे. गुरांत जुन्या संसर्गामुळे पित्तनलिकांच्या भिंती जाड व तंतुमय होतात आणि हेपॅटिकाच्या संसर्गात त्यांत चुन्याचे क्षार साचतात. असे यकृत कापताना सुरी करकरते. मेंढ्यांत हा प्रकार सहसा होत नाही. मेंढीच्या यकृतात हा कृमी वर्षानुवर्षे राहू शकतो. गाईच्या कठीण झालेल्या नलिकांत त्याला फार काळ निभाव धरता येत नाही, आणि नव्याने आलेल्या कोवळ्या कृमींना तंतुमय यकृत पोखरणे जड जाते. पुन्हा होणाऱ्या संसर्गाला गुरे जो काही अंशतः अटकाव करतात, त्यात ह्या काठिण्याचा वाटा आहे असे अनेक संशोधकांनी प्रतिपादिले आहे. आता ह्या काठिण्याला रोगाचे लक्षण म्हणावे की रोगाचा प्रतिकार म्हणावे? युद्धाच्या भाषेत ह्या प्रश्नाला उत्तर नाही, कारण त्या भाषेत जखम आणि ढाल ह्या दोन भिन्न वस्तू आहेत. येथे जखमेचीच ढाल झाली आहे, आणि त्या ढालीची किंमत यकृताने आपल्या कार्यक्षमतेतून मोजली आहे. मराठीत ‘काळीज घट्ट करणे’ हा सोसण्याचा वाक्प्रचार आहे. ह्या गाईच्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरतो.

६

मग ‘व्याधिक्षमत्व’ किंवा त्यावरून ‘रोगक्षमता’ ही संज्ञा स्वीकारावी काय? तिच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. गाय आणि कृमी ह्यांचे दीर्घ सहजीवन, त्यातील अंशतः अटकाव आणि अंशतः सोसणे, हे ‘क्षम्’ धातूच्या दुहेरी अर्थात नेमके सामावते. दीर्घकालीन परजीवी रोगांच्या अभ्यासात परजीवींची संख्या मर्यादित ठेवणे आणि त्यांनी केलेली हानी मर्यादित ठेवणे ह्या दोन गोष्टी अलीकडे वेगळ्या मानल्या जातात. तो भेद एका जुन्या धातूत बीजरूपाने आढळावा, हे अभिमानास्पद वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि अभिमानाने समीक्षेची जागा घेता कामा नये. चक्रपाणिदत्ताच्या स्पष्टीकरणातील दोन्ही अंगे विरोधाची आणि प्रतिबंधाची आहेत. सोसण्याचे अंग धातूत आहे, व्याख्येत नाही. जुन्या शब्दात नवा सिद्धान्त अगोदरच सांगितलेला होता असे म्हणणे हे शब्दाचेही विडंबन आहे आणि सिद्धान्ताचेही. दुसरी अडचण व्यावहारिक आहे. ‘क्षमता’ हे गुणवाचक नाम स्तुतिपर आहे. जी गाय कृमी बाळगूनही धडधाकट दिसते, ती ह्या संज्ञेने गुणवान ठरते. परंतु तीच गाय रोज शेणावाटे अंडी टाकून तळे दूषित करीत असते, आणि तिच्या मागोमाग चरणाऱ्या वासरांना व शेळ्यामेंढ्यांना त्याची झळ पोचते. एका जनावराची क्षमता हा कळपाच्या दृष्टीने दोष असू शकतो. ‘शक्ती’ प्रमाणे ‘क्षमता’ हीदेखील एका जनावराच्या अंगातील मालमत्ता आहे. कळप, गोगलगाय आणि पाणी ह्यांना त्या शब्दात जागा नाही.

७

परिभाषेच्या ह्या दोषांचे परिणाम गोठ्यापर्यंत कसे पोचतात, हे तीन उदाहरणांनी दाखविता येईल.

पहिले उदाहरण ‘जंत’ ह्या शब्दाचे. संस्कृत ‘जन्तु’ पासून आलेल्या ह्या शब्दाचा अर्थ मराठीत आकुंचन पावून ‘पोटातील कृमी’ असा झाला. गोल कृमी, पट्टकृमी आणि यकृतकृमी ह्या सर्वांना बोलीत हा एकच शब्द आहे, आणि म्हणून ‘जंताचे औषध’ हीही एकच वस्तू समजली जाते. परंतु गोल कृमींवर गुणकारी असलेली लेव्हामिसोल व आयव्हरमेक्टिन ही औषधे यकृतकृमीवर चालत नाहीत. ऑक्सिक्लोझॅनाइड प्रौढ कृमींवर चालते, यकृतात हिंडणाऱ्या कोवळ्या कृमींवर नाही. ट्रायक्लाबेंडॅझोल दोन्हींवर चालते. ‘जंताचे औषध पाजले, तरी जनावर अंग धरत नाही,’ असे पशुपालक म्हणतो तेव्हा त्याचे निरीक्षण अचूक असते. त्यावर ‘प्रतिकारशक्ती कमी आहे’ हे उत्तर मिळाले की, शंका औषधाच्या निवडीवरून हटून जनावराच्या अंगावर येते, आणि पुढचा खर्च शक्तिवर्धकांवर होतो. सकस आहार गाईला आवश्यकच आहे. पण त्याने पित्तनलिकेतील कृमी जात नाही आणि तळ्यातील गोगलगाय तर मुळीच जात नाही.

दुसरे उदाहरण ‘प्रतिकार’ ह्याच शब्दाचे. ट्रायक्लाबेंडॅझोलला दाद न देणारे यकृतकृमी ऑस्ट्रेलियात आढळल्याचे १९९५ मध्ये नोंदले गेले. त्यानंतर अन्य देशांतूनही अशा नोंदी आल्या. मराठीत ह्यालाही ‘औषधप्रतिकार’ म्हणण्याची प्रथा पडत आहे. परिणामी ‘प्रतिकार वाढला’ हे वाक्य गाईविषयी असेल तर सुवार्ता आणि कृमीविषयी असेल तर दुर्वार्ता ठरते. इंग्रजीतही हा घोटाळा आहे. पण परभाषेतील दोषाचे भाषांतर करणे हे परिभाषाकाराचे कर्तव्य नव्हे. कृमीच्या बाबतीत ‘औषधाला न जुमानणे’ हा सरळ मराठी प्रयोग हाताशी असून ‘औषध-अजुमानी कृमी’ सारखे बोजड रूप न बनवताही त्याने काम भागते.

तिसरे उदाहरण सर्वांत गंभीर आहे. गुरांच्या क्षयरोगाची परीक्षा त्वचेत ट्यूबरक्युलिन टोचून केली जाते. बहात्तर तासांनी त्या जागी किती सूज आली ते मोजतात. ही सूज ज्या प्रकारच्या पेशीय प्रतिसादावर अवलंबून असते, तोच प्रतिसाद यकृतकृमीच्या संसर्गात मंदावतो. फ्लिन, मल्काही व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रायोगिक संसर्गाने ह्या परीक्षांचे निकाल बदलतात असे दाखविले. २०१२ मध्ये इंग्लंड व वेल्समधील दुभत्या गुरांच्या आकडेवारीवरून क्लॅरिज व सहकाऱ्यांनी असा अंदाज काढला की, यकृतकृमीच्या सहवासामुळे क्षयरोगाची सुमारे एक तृतीयांश प्रकरणे नजरेतून निसटत असावीत. हा अंदाज हेपॅटिका जातीविषयीचा आणि तेथील परीक्षापद्धतीविषयीचा आहे. तो महाराष्ट्रातील जायगँटिकाग्रस्त गुरांना जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु त्यातील तत्त्व ‘शक्ती’ च्या भाषेत सांगताच येत नाही. त्या भाषेत सूज न येणे म्हणजे रोग नसणे, नाहीतर अंगात शक्ती नसणे. गाय अशक्त नाही, तिचे प्रतिपिंड विपुल आहेत, तिला क्षय असू शकतो, आणि तरीही सूज येत नाही, कारण एका रोगाने तिच्या शरीराला लावलेले वळण दुसऱ्या रोगाच्या खुणा झाकते : हे विधान करावयास निराळे नाम लागते. जेथे दूध न तापवता वापरले जाते, तेथे हा भेद माणसांच्याही आरोग्याचा प्रश्न होतो.

८

असे नाम मराठीत आहे, आणि वरील विवेचनात त्याचा उपयोग अनेकदा करावा लागलाही आहे. ते ‘प्रतिसाद’ हे होय. ‘साद’ हा शब्द संस्कृत ‘शब्द’, प्राकृत ‘सद्द’ ह्या मार्गाने मराठीत आलेला तद्भव आहे. त्याला ‘प्रति’ हा उपसर्ग लागून हे नाम सिद्ध झाले. ते स्वभावतःच संबंधवाचक आहे : कोणीतरी साद घातल्याखेरीज प्रतिसाद असू शकत नाही. त्याच्या संगतीत येणारे प्रश्नही ‘शक्ती’ पेक्षा संपन्न आहेत. प्रतिसाद कोणाला दिला, कोणी दिला, कोठे, केव्हा, कोणत्या प्रकारचा. तो टिकला की मावळला, की कोणी त्याला वळण दिले? यकृतकृमीच्या अभ्यासात आज हेच प्रश्न विचारले जात आहेत.

हे नामही निर्दोष नाही. व्यवहारात ‘चांगला प्रतिसाद मिळाला’ अशा प्रयोगांमुळे त्याला अनुकूलतेची छटा आली आहे; तेव्हा शास्त्रीय लेखनात ते विशेषणाखेरीज वापरू नये. ‘संरक्षक प्रतिसाद’, ‘शामक प्रतिसाद’, ‘सांधणारा प्रतिसाद’, ‘हानिकारक प्रतिसाद’ असे म्हटले की संदिग्धता उरत नाही. जनावर पुन्हा होणाऱ्या संसर्गाला अटकाव करते असे म्हणावयाचे असेल तेथे ‘अटकाव’, आणि ते कृमी बाळगून तग धरते असे म्हणावयाचे असेल तेथे ‘तग’, हे साधे शब्द पुरेसे आहेत. दोहोंवर ‘प्रतिकारशक्ती’ चे पांघरूण घालण्याची गरज नाही.

‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द भाषेतून हद्दपार करावा, अशी सूचना येथे अभिप्रेत नाही. रुळलेला शब्द आदेशाने जात नसतो, आणि देवी-गोवरासारख्या रोगांच्या संदर्भात त्याने फारशी हानीही होत नाही. परंतु जेथे रोग दीर्घकालीन आहे, जेथे रोगकारक जीव शरीरात वाढत नाही आणि शरीराच्या प्रतिसादाला स्वतः आकार देतो, तेथे हा शब्द वापरणाऱ्या लेखकाने, पशुवैद्यकाने व भाषांतरकाराने एक प्रश्न स्वतःला विचारावा : येथे खरोखर काही कमी पडले आहे काय? यकृतकृमीच्या बाबतीत ह्याचे उत्तर बहुधा नकारार्थी येईल. आणि मग शेण तपासणे, योग्य औषध योग्य वेळी देणे, पाणथळ जागी चराई टाळणे ह्या उपायांकडे लक्ष आपोआप वळेल. परिभाषेच्या एका चर्चेतून एवढे निष्पन्न झाले तरी तिचे प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.